जुन्या लहान ट्रॅक्टरास पॉवर स्टिअरिंग : आधी तपासणी, मग जोडणी

सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरत गेलेला मावळ तालुका हा भाताचा तालुका होय. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून काही कोसांवर असलेल्या तळेगावपर्यंत येता येता तो झपाट्याने कमी होतो. पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ या खोऱ्यांत डोंगरउताराला धरून भाताची खाचरे पायऱ्यांसारखी उतरत गेलेली आहेत. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी भात याच खाचरांतून घराघरांत पोहोचला.

खाचर लहान, बांध उंच आणि चिखलणीला मिळणारे दिवस मोजके, अशा ठिकाणी मोठा ट्रॅक्टर अडचणीचा ठरतो. त्यामुळे पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरांना अशा भागात विशेष उपयोग आहे. महिंद्रा युवराज २१५ किंवा व्हीएसटी शक्ती एमटी १८०डी यांसारख्या ट्रॅक्टरांचे स्टिअरिंग साधे, म्हणजे केवळ दांड्या व दातेरी चक्रे यांवर चालणारे असते. ट्रॅक्टर नवा असता ते हलके वाटते. दहा-बारा पावसाळे चिखलात काढल्यावर मात्र तेच स्टिअरिंग जड होते, वळणावर दोन्ही हातांचे बळ लावावे लागते, आणि संध्याकाळी चालकाचे खांदे व मनगटे भरून येतात. घरातील वृद्ध शेतकरी किंवा स्त्री यांस असा ट्रॅक्टर चालविणे अवघड होते, आणि ऐन लावणीच्या वेळी भाड्याचा चालक शोधण्याची पाळी येते.

अशा ट्रॅक्टरास बाहेरून द्रवचालित, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, पॉवर स्टिअरिंग जोडता येते. परंतु ही जोडणी म्हणजे दिवा किंवा भोंगा बसविण्यासारखे काम नव्हे. स्टिअरिंग हा चालकाच्या जिवाशी निगडित असा भाग आहे. यास्तव कोणत्या परिस्थितीत ही जोडणी करावी, कोणत्या परिस्थितीत करू नये, आणि करावयाची झाल्यास कोणत्या पद्धतीने करावी, याचा विचार पैसे खर्च करण्यापूर्वी होणे जरूर आहे.

जडपणाचे कारण आधी शोधावे

जड स्टिअरिंग हा पुष्कळदा स्वतंत्र दोष नसून दुसऱ्या दोषाचे लक्षण असते. ते कारण तसेच ठेवून वरून तेलाचा दाब जोडल्यास जडपणा हाताला जाणवेनासा होतो, पण झीज चालूच राहते. किंबहुना अधिक जोराने वाढते. पूर्वी हाताच्या बळाने जेवढा ताण पडत होता त्याच्या कितीतरी पट ताण आता सिलिंडर त्या झिजलेल्या सांध्यांवर देतो. म्हणून पुढील तपासणी प्रथम करावी.

१. ट्रॅक्टर सपाट, कठीण जमिनीवर उभा करून हातब्रेक लावावा, मागील चाकांना दोन्ही बाजूंनी अडण द्यावी आणि जॅकने पुढील आस उचलून खाली भक्कम लाकडी ठोकळे ठेवावेत. केवळ जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टराखाली हात घालू नये.

२. चाके अधांतरी असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. ते दोन बोटांनी सहज फिरले, तर सांधे व पेटी ठीक असून जडपणा पुढील चाकांवरील भारामुळे किंवा टायरांमुळे आहे असे समजावे. अधांतरीही जड फिरले, तर दोष घर्षणात आहे. किंगपिन कोरडे पडले असतील, त्यांत चिखल शिरला असेल, किंवा स्टिअरिंग पेटीतील तेल संपले असेल.

३. पुढील प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवावे. ढिलाई दिसल्यास किंगपिनाचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग झिजले आहे. नंतर चाक आडवे धरून डावी-उजवीकडे हलवावे. त्या वेळी टायरॉड अथवा ड्रॅगलिंक यांचे गोल सांधे ‘टक टक’ वाजत असतील, तर ते बदलावेत.

४. दोन्ही पुढील टायरांतील हवा उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे आहे किंवा नाही ते पाहावे. कमी हवेचे टायर जमिनीला अधिक चिकटते आणि वळण जड करते. मूळ मापापेक्षा रुंद टायर घातले असल्यास तेही कारण असू शकते.

५. दोन्ही चाकांच्या पुढील कडांतील व मागील कडांतील अंतर मोजून चाके योग्य प्रमाणात आत वळलेली आहेत का ते पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहावे. पुढे अनावश्यक वजने लावलेली असल्यास ती काढून पाहावीत.

तपासणीपूर्वी व दुरुस्तीनंतर स्टिअरिंगच्या कडेस साधा स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून, ट्रॅक्टर अगदी सावकाश चालत असताना, वळविण्यास किती किलोग्रॅम ओढ लागते ते मोजून वहीत लिहून ठेवावे. हे मोजमाप मोकळ्या मैदानात, दोन माणसांनी मिळून, सांभाळून करावे. ग्रीस, पेटीतील तेल, नवे बुश व योग्य हवा एवढ्यावरच जर ही ओढ पुष्कळ उतरली, तर पुढील खर्चाची गरजच उरत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा वजनकाट्याचा प्रयोग गावात एकदा करून दाखविल्यास अनेकांचा पैसा वाचेल.

तेलाच्या दाबाचे कार्य

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व बाजूंस सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातील पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलेला नियम या यंत्रणेच्या मुळाशी आहे. इंजिनावर चालणारा पंप तेल ढकलतो. स्टिअरिंग फिरताच झडप ते तेल सिलिंडराच्या एका बाजूस सोडते. दट्ट्या सरकतो आणि चाके वळतात. स्टिअरिंग थांबले की झडप मिटते व चाके तेथेच राहतात.

अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ साली मोटारगाडीवर असे स्टिअरिंग चालवून दाखविले. परंतु विक्रीच्या मोटारीत ते १९५१ साली क्रायस्लर कंपनीने आणले. शेतीच्या ट्रॅक्टरात जॉन डिअर कंपनीने १९५४ साली ते कारखान्यातूनच बसवून देण्यास आरंभ केला. पुढे मिनेसोटा राज्यातील लिन चार्लसन यांनी ‘ऑर्बिट्रोल’ या नावाने प्रसिद्ध झालेला, आतील फिरत्या दातेरी चक्राने तेल मोजून देणारा संच तयार केला. आज ट्रॅक्टर, कापणीयंत्रे व बांधकामाची यंत्रे यांत दिसणारे बहुतेक द्रवचालित स्टिअरिंग संच याच तत्त्वावर चालतात.

जोडणीच्या तीन पद्धती

पहिली पद्धत साहाय्यक सिलिंडराची. यात मूळची स्टिअरिंग पेटी, ड्रॅगलिंक व टायरॉड जागेवरच राहतात. ड्रॅगलिंकमध्ये एक झडप बसवितात. चालकाच्या हाताचा जोर त्या झडपेला जाणवताच ती साहाय्यक सिलिंडरास तेल देते. तेलाचा पुरवठा बंद पडला तरी दांड्यांचा संबंध अखंड असल्याने ट्रॅक्टर पूर्वीप्रमाणे, जड का होईना, वळविता येतो.

दुसरी पद्धत स्टिअरिंगच्या दांड्यातच द्रवचालित मोटर बसविण्याची. ही मोटर चालकाच्या हाताला मदत करून मूळ पेटी फिरविते. येथेही लोखंडी संबंध कायम राहतो. मात्र सर्व वाढीव जोर जुन्या पेटीच्या दात्यांवर येतो, म्हणून पेटी निर्दोष असली पाहिजे.

तिसरी पद्धत पूर्ण द्रवचालित. यात पेटी व ड्रॅगलिंक काढून टाकून स्टिअरिंगखाली तेल मोजून देणारा संच बसवितात, आणि चाकांपर्यंतचा संबंध केवळ नळ्यांतील तेलाने राहतो. जोडणी सुटसुटीत होते, चालकाच्या हाताला चाकांचे धक्के पोहोचत नाहीत, आणि फिरविणे सर्वांत हलके होते. पण नळी फुटली वा तिचा सांधा निखळला, तर स्टिअरिंग रिकामे फिरते व चाकांवरील ताबा संपूर्ण नाहीसा होतो.

मावळातील शेतकऱ्याने निवड करताना हा फरक विसरू नये. येथील ट्रॅक्टर केवळ खाचरात राहत नाही. मळणीनंतर भात, पेंढा, खत व विटा घेऊन तो ट्रॉलीसह वडगाव, कामशेत वा लोणावळ्याच्या बाजारास जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जातो. काही उतारांवर त्याच्या मागे भरलेल्या ट्रॉलीचा रेटा असतो. अशा ट्रॅक्टरास मूळच्या दांड्या कायम ठेवणारी पहिली अथवा दुसरी पद्धतच इष्ट होय. गावठी जुळणीने केलेली तिसरी पद्धत रस्त्यावर जाणाऱ्या ट्रॅक्टरास लावू नये. कारखान्यातून असे स्टिअरिंग घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे सिलिंडर, नळ्या, आस व ब्रेक हे एकमेकांस अनुरूप असे आखलेले व तपासलेले असतात.

मापांचा हिशेब

मिस्त्रीने ‘बसेल’ असे म्हणणे पुरेसे नाही. हिशेब मांडून पाहावा. समजा, दोन्ही टोकांस दांडा असलेला सिलिंडर घेतला, त्याचा आतील व्यास ४० मिलिमीटर, दांड्याचा व्यास २० मिलिमीटर आणि चाल १५० मिलिमीटर आहे. त्याचे कामी येणारे क्षेत्रफळ सुमारे ९.४ चौरस सेंटिमीटर होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास १४१ घन सेंटिमीटर तेल लागते.

पूर्ण द्रवचालित पद्धतीत एका फेरीस ५० घन सेंटिमीटर तेल देणारा संच असेल, तर चाके एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेण्यास २.८ फेऱ्या पुरतात. हाच सिलिंडर एका बाजूसच दांडा असलेला घेतल्यास एका दिशेस १८८ व दुसऱ्या दिशेस १४१ घन सेंटिमीटर तेल लागते. म्हणजे एका बाजूस ३.८ व दुसऱ्या बाजूस २.८ फेऱ्या, असे असमान वळण होते. यासाठी दोन्ही टोकांस दांडा असलेला सिलिंडर पसंत करावा.

पंपाचा हिशेब असा. एका सेकंदास एक फेरी या वेगाने स्टिअरिंग फिरविल्यास मिनिटास ३ लिटर तेल हवे. एका फेरीस ४ घन सेंटिमीटर देणारा पंप मिनिटास २,००० फेऱ्यांवर ८ लिटर, आणि इंजिन मंद असताना ८०० फेऱ्यांवर ३.२ लिटर तेल देतो. त्यातून गळतीची घट वजा जाता मंद इंजिनावर तो जेमतेम पुरेसा ठरतो. याहून लहान पंप घेतल्यास बांधाशी सावकाश वळताना स्टिअरिंग मध्येच जड होईल, आणि नेमका तेथेच हलकेपणा हवा असतो.

दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरास ७० किलोग्रॅम धरल्यास या सिलिंडराचा जोर सुमारे ६५८ किलोग्रॅम होतो. लहान ट्रॅक्टराच्या हलक्या पुढील आसेस तो अनेकदा गरजेपेक्षा अधिक ठरतो. म्हणून दाबमुक्ती झडप प्रथम कमी दाबावर ठेवून, कोरड्या जमिनीवर उभ्या ट्रॅक्टराची चाके वळतील एवढाच दाब वाढवावा. अधिक दाब म्हणजे अधिक चांगले स्टिअरिंग असे नव्हे. तो वाकलेला टायरॉड व तुटलेला दांडा ठरू शकतो.

इंजिनावरील भारही ध्यानात घ्यावा. मिनिटास ८ लिटर तेल ७० किलोग्रॅम दाबावर ढकलण्यास सव्वा ते दीड अश्वशक्ती खर्च होते. साध्या चालीत तेल मोकळे फिरत असता हा खर्च नगण्य असतो; पण चाके टोकाला वळवून तेथेच स्टिअरिंग दाबून धरल्यास पंधरा अश्वशक्तीच्या इंजिनाचा जवळजवळ दहावा हिस्सा केवळ तेल तापविण्यात जातो. म्हणून टोकास पोहोचताच हात किंचित सैल सोडण्याची सवय लावावी.

इंजिन बंद पडल्यास काय होईल, हेही याच रीतीने काढता येते. पूर्ण द्रवचालित संच अशा वेळी हातपंपाप्रमाणे चालतो. चाके वळविण्यास ३० किलोग्रॅम दाब लागत असेल, तर ५० घन सेंटिमीटरच्या संचास एका फेरीत १,५०० किलोग्रॅम-सेंटिमीटर काम करावे लागते. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगचा परिघ सुमारे ११९ सेंटिमीटर असतो. म्हणजे घर्षण सोडून हाताला साडेबारा किलोग्रॅम ओढ पडते. संच १०० घन सेंटिमीटरचा घेतल्यास हीच ओढ पंचवीस किलोग्रॅम होते. कमी फेऱ्यांत वळण व्हावे या हौसेने मोठा संच बसविणारा चालक उतारावर इंजिन बंद पडताच कोणत्या संकटात सापडेल, हे या एका आकड्यावरून समजते.

पंप, टाकी व सिलिंडर यांची जागा

मागील लिफ्टचा पंप पुरेसा मोठा असल्यास त्यातूनच स्टिअरिंगला तेल देता येते. अशा वेळी प्राधान्य झडप बसवावी. ती स्टिअरिंगला लागणारे तेल आधी देऊन उरलेले लिफ्टकडे सोडते. साधा तिवाटा लावू नये. तसे केल्यास रोटाव्हेटर उचलताना स्टिअरिंग उपाशी राहते. पुष्कळ लहान ट्रॅक्टरांत गिअरपेटीचे तेलच लिफ्टला वापरलेले असते. त्यातील धातूचे कण संचाच्या बारीक मार्गांना घातक असल्याने चांगली गाळणी अनिवार्य आहे. स्वतंत्र पंप व टाकी हा मार्ग खर्चाचा, पण स्वच्छ व तपासणीस सोपा आहे. पट्ट्यावर पंप चालविताना पट्ट्याला संरक्षक जाळी असावी आणि चिखलपाण्याने पट्टा घसरणार नाही अशी जागा निवडावी.

दोन चाकांच्या ट्रॅक्टराची पुढील आस मधल्या खुंटीवर वर-खाली डोलते. सिलिंडराचे एक टोक सांगाड्यास व दुसरे टायरॉडास बांधले, तर आस डोलताच चाके आपोआप वळतात. बांध ओलांडताना हे फार धोक्याचे आहे. म्हणून पूर्ण द्रवचालित जोडणीत सिलिंडर आसेवरच बसवावा. साहाय्यक सिलिंडराचे एक टोक सांगाड्यास बांधणे भाग पडत असेल, तर आस दोन्ही बाजूंस पूर्ण डोलवून चाके किती हलतात ते पाहिल्यावाचून काम पुरे मानू नये. चारही चाके ओढणाऱ्या ट्रॅक्टराची पुढील आस वेगळ्या घडणीची असल्याने तेथे त्या आसेसाठीच केलेली पट्टी हवी.

चाके वळण्याच्या दोन्ही टोकांस आसेवरील अडण आधी लागावी व त्या क्षणी दट्ट्याची तीन ते पाच मिलिमीटर चाल शिल्लक असावी. स्टिअरिंगच्या बाहूंवर, स्पिंडलवर वा टायरॉडवर वेल्डिंग करू नये. उष्णतेने घडीव पोलादाचे बळ जाते आणि तडा बाहेरून दिसत नाही. पट्ट्या बोल्टने आवळाव्यात व नटांना सुटू न देणारी कुलपी असावी. नळ्या दाबास योग्य अशा, दाबून बसविलेल्या टोकांच्याच घ्याव्यात. क्लॅम्प लावून आवळलेली साधी रबरी नळी दाबाच्या बाजूस वापरू नये. भोसरी व चाकण ही औद्योगिक ठिकाणे मावळापासून दूर नाहीत. अशा ठिकाणी यंत्रांच्या नळ्या करून देणाऱ्या कारागिराकडून त्या मापाने करून घ्याव्यात.

पहिली चाचणी

टाकीत हवामानास योग्य असे ४६ श्रेणीचे हायड्रॉलिक तेल, किंवा गिअरपेटीचे तेल सामाईक असल्यास उत्पादकाने सांगितलेलेच तेल, भरावे. पुढील चाके अधांतरी ठेवून इंजिन मंद चालवावे व स्टिअरिंग सावकाश दोन्ही टोकांस दहा-पंधरा वेळा फिरवावे. तेलात फेस असेपर्यंत हवा आत आहे असे समजून टाकी भरत राहावी. स्टिअरिंग उजवीकडे फिरविता चाके डावीकडे वळली, तर सिलिंडराच्या नळ्या उलट लागल्या आहेत. ही चूक जमिनीवर नव्हे, येथेच उघडकीस आली पाहिजे.

नंतर इंजिन बंद करून स्टिअरिंग फिरवून पाहावे. ते हाताच्या बळाने वळले नाही, तर ट्रॅक्टर अंगणाबाहेर नेऊ नये. त्यानंतर सपाट पडीत रानात, ट्रॉली व अवजार न लावता, तासभर चालवून सर्व सांधे पुन्हा आवळावेत. गळती शोधण्यास हात फिरवू नये. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून दाबाने निघालेले तेल कातडीत शिरून मोठी इजा करते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून डाग पडतो का ते पाहावे. तेल अंगात शिरल्याची शंका आल्यास जखम लहान दिसली तरी त्वरित रुग्णालयात जावे.

हलके स्टिअरिंग व हलके पुढील चाक

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयाची आहे. मागे रोटाव्हेटर उचलला की लहान ट्रॅक्टराचे तोंड हलके होते व पुढील चाके जमिनीला जेमतेम टेकतात. साध्या स्टिअरिंगचा चालक हे हातानेच ओळखतो. चाक एकाएकी सैल लागले की तो सावध होतो. पॉवर स्टिअरिंग नेहमीच सैल लागते, म्हणून ही सूचना हाताला मिळत नाही. चाके वळलेली असतात, पण ट्रॅक्टर सरळच जातो, आणि समोर चार फूट खोल दुसरे खाचर असते.

तेलाचा दाब चाके वळवितो. जमिनीची पकड तो देत नाही. यासाठी पॉवर स्टिअरिंग बसविल्यावर पुढील वजने काढून टाकू नयेत. अवजार उचलून बांधाकडे जाताना वेग कमी ठेवावा, आणि बांधापासून पुरेसे अंतर सोडून वळण घ्यावे. खाचरात वळताना एका बाजूचा ब्रेक वापरणे हे जुने कौशल्य सोडू नये. पण रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही ब्रेकचे पाय एकत्र जोडण्यास विसरू नये. साधे स्टिअरिंग असेपर्यंत अंगठे चाकाच्या आत न ठेवता कडेवरच ठेवावेत, कारण दगडावर आदळताच फिरणारा आरा अंगठा मुरगाळतो.

नोंदणी व विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा बदल मालकास वाहनात करता येत नाही. यास्तव काम सुरू करण्यापूर्वी मावळासाठी असलेल्या पिंपरी-चिंचवड प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीसही लेखी कळवावे. अपघातानंतर ‘हा बदल कळविला नव्हता’ असे कारण निघाल्यास नुकसान शेतकऱ्याचेच होते.

जुना ट्रॅक्टर विकत घेणाराने किंवा जोडणीचा विचार करणाराने मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा त्या नमुन्याचा अहवाल मिळाल्यास पाहावा. पुढील आसेवरील वजन व वळणाची त्रिज्या हे आकडे त्यातून मिळाल्यास सिलिंडराचे माप ठरविणे सोपे जाते.

पावसाळ्यातील निगा

चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी सिलिंडराचा दांडा स्वच्छ पुसावा. त्यावरील वाळलेला चिखल आत ओढला गेल्यास तेलबंद वाशर कापले जातात. नळ्या कोठे घासत नाहीत ना, हे आठवड्यातून एकदा पाहावे. तेल दुधासारखे पांढरट दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. ते त्वरित बदलावे. पहिल्या पन्नास तासांनंतर गाळणी बदलावी, पुढे दर हंगामापूर्वी. ट्रॅक्टर उभा ठेवावयाच्या महिन्यांत उघड्या दांड्यास ग्रीसचा पातळ थर द्यावा. आणि मूळच्या सांध्यांना ग्रीस देण्याचे काम पॉवर स्टिअरिंग आले म्हणून थांबवू नये. हलके झालेले स्टिअरिंग कोरड्या किंगपिनाची तक्रार करीत नाही, म्हणून ती तारीख वहीतच असावी.

तात्पर्य

जड स्टिअरिंगचा ट्रॅक्टर दारात असेल, तर प्रथम जॅक, ग्रीसची पिचकारी व वजनकाटा यांचा उपयोग करावा. एवढ्याने काम भागले नाही व ट्रॅक्टराचे इंजिन, आस आणि ब्रेक अजून काही वर्षे टिकतील असे असेल, तरच पॉवर स्टिअरिंगचा विचार करावा. त्या वेळी मूळच्या लोखंडी दांड्या कायम ठेवणारी पद्धत निवडावी, मापे हिशेबाने ठरवावीत, आणि इंजिन बंद असता ट्रॅक्टर वळतो याची खात्री करून घ्यावी. इंजिन व आस दोन्ही थकले असल्यास तोच पैसा कारखान्यातून पॉवर स्टिअरिंग घेऊन आलेल्या ट्रॅक्टराच्या खरेदीसाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे होय.

चिखलणीचे दिवस मोजके असतात हे खरे. पण जोडणीचे काम लावणीच्या तोंडावर घाईने करू नये. भात घरी आल्यानंतरचे कोरडे महिने यासाठी योग्य आहेत. त्या दिवसांत काम केले, चाचणी घेतली व चूक सुधारली, म्हणजे पुढील पावसात खाचराच्या कडेला वळताना चालकाच्या हाताला हलकेपणाही मिळेल आणि भरवसाही.